मेक्सिकोचा ‘ग्रितो’ शिकागोत आणि पोझोले मडगावात
प्रश्न : सप्टेंबरात मुलाकडे शिकागोला जातोय. मेक्सिकन स्वातंत्र्यदिन तिथं मोठा होतो म्हणे. पण तो ५ मे ना? आम्हा साठीतल्या दोघांना तो नीट कसा पाहता येईल? — एक वाचक, फोंडा

उत्तर : ५ मे हा १८६२ च्या पुएब्लाच्या लढाईत मेक्सिकोने फ्रेंचांवर मिळवलेल्या विजयाचा दिवस. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबर. १८१० साली त्या पहाटे डोलोरेस गावचे पाद्री मिगेल इदाल्गो यांनी चर्चची घंटा वाजवून लोकांना उठावाची हाक दिली. तीच ‘ग्रितो’, म्हणजे आरोळी. ती आदल्या रात्री, १५ तारखेला देतात. १६ ला सकाळी पोहोचलात तर मुख्य रात्र हुकली.

त्या रात्री शिकागोत झेंडे लावलेल्या मोटारींचे ताफे हॉर्न वाजवत शहराच्या मध्यभागी, ‘लूप’मध्ये शिरतात. कोंडी वाढली की पोलीस रस्ते बंद करतात, शिगम्याच्या मिरवणुकीला पणजीत होतात तसेच. टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. हॉटेल लूपमध्ये असेल तर बुकिंगचा कागद खिशात ठेवा, नाक्यावर दाखवावा लागू शकतो.

तुम्हा दोघांना दिवसाची परेड जास्त मानवेल. ती लिटल व्हिलेज वस्तीत २६व्या स्ट्रीटवरून निघते, बहुधा १६ तारखेच्या आसपासच्या रविवारी. तारीख मुलाकडून आधी पक्की करून घ्या. शहरी रेल्वेच्या ‘पिंक लाइन’वरच्या ‘कॅलिफोर्निया’ स्टेशनवर उतरून दक्षिणेला, मग पश्चिमेला चाललात की वीस-पंचवीस मिनिटांत वस्तीची कमान दिसते. हातगाड्यांवर मेयोनीज, चीज, तिखट नि लिंबू लावलेलं कणीस मिळतं. सुटे डॉलर जवळ असू द्या.

प्रश्न : त्या दिवसाचं पोझोले, म्हणजे मका आणि मांसाचा मेक्सिकन रस्सा, घरी करायचंय. डबाबंद मका मिळत नाही. स्वीटकॉर्न चालेल? — एक वाचिका, मडगाव

उत्तर : नाही, त्याचा लगदा होतो. सुका पांढरा मका घ्या, अर्धा किलो. दोन लिटर पाण्यात पानवाल्याकडचा साधा ओला चुना सपाट दोन चमचे (सुमारे १० ग्रॅम) कालवा आणि मका घालून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवा. रंगाचा चुना अजिबात नको. भांडं स्टीलचंच हवं, अॅल्युमिनियमला चुना खातो. दाणा चिमटीत चोळल्यावर साल सुटली की आच बंद करून रात्रभर झाकून ठेवा.

सकाळी तीन-चार पाण्यांत चोळून साली काढा. चुना राहिला तर रस्सा कडवट होतो. दाण्याच्या टोकाचा टणक बोंडूही खुडा. काम वेळखाऊ आहे, पण त्यामुळेच दाणा फुलासारखा उमलतो. मग चिकन किंवा डुकराच्या मांसाबरोबर दोन-तीन तास शिजवा. कुकरला मका एकटाच चाळीस मिनिटं लावून घेतलात तरी चालेल. मीठ दाणा उमलल्यावरच घाला.

तिथल्या ग्वाहियो मिरचीऐवजी भिजवलेल्या आठ-दहा ब्याडगी लसणाबरोबर वाटून, गाळून घाला. न गाळल्यास साली तोंडात येतात. वाढताना वर चिरलेला कोबी, मुळा, कांदा आणि लिंबू.