हळदीने कर्करोगाची पेशी मरते, पण कुठे?

तोंडाच्या कर्करोगावरच्या मागच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतात : नैसर्गिक द्रव्यांनी कर्करोगाच्या पेशी मारता येतात का? मी तोंडाच्या बायोप्सी तपासणारी डॉक्टर आहे. गालाचा किंवा जिभेचा तुकडा माझ्याकडे काचेच्या पट्टीवर येतो, त्यामुळे पेशींचं जगणं-मरणं रोजच डोळ्यांखालून जातं. काही पत्रांना इथे उत्तरं देते आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 58) गालाच्या आतून कर्करोग निघाला आहे. ऑपरेशनची तारीख बारा दिवसांवर आहे. घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, त्यात म्हटलंय की हळदीतलं करक्युमिन कर्करोगाच्या पेशींना आत्महत्या करायला लावतं. काका म्हणतात, दोन महिने हे करून बघू, मग कापाकापी. काय करावं? (इस्लामपूर)

ताई, तारीख पुढे ढकलू नका. आधी एवढं वडिलांना आणि काकांना सांगून या, मग पुढचं वाचा.

व्हिडिओतलं वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. पोटातल्या बाळाचा पंजा सुरुवातीला वल्ह्यासारखा सपाट असतो. मधल्या पेशी मरतात तेव्हा बोटं सुटी होतात. 1972 साली केर, वायली आणि करी या तिघांनी या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ असं नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. बिघडलेल्या पेशीनेही असंच गळून पडायला हवं, पण कर्करोगाची पेशी ते टाळते. प्रयोगशाळेतल्या बशीत तिच्यावर करक्युमिन टाकलं की ती मरू लागते, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

मात्र बशीत ते थेट पेशींवर ओततात, बहुतेकदा 10 ते 50 मायक्रोमोलर (द्रवातलं प्रमाण मोजण्याचं एकक) इतकं. तोंडाने घेतलं तर काय होतं, हे तैवानमधल्या 2001 सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं. रोज 8 ग्रॅम करक्युमिन घेणाऱ्यांच्या रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी 1.77 मायक्रोमोलर भरली आणि काही तासांत उतरली. आतडं हे द्रव्य फारसं शोषत नाही आणि जे शोषलं जातं त्याचं रूप यकृत लगेच बदलून टाकतं. आता स्वयंपाकघरातला हिशेब करा. हळदीत करक्युमिन शेकडा 3 च्या आसपास असतं. 8 ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल, आणि तेवढं करूनही रक्तात बशीतली पातळी येणार नाही. मग दुधातल्या चमचाभर हळदीकडून किती अपेक्षा ठेवायची?

काकांना आणखी एक गोष्ट सांगा. कर्करोगाच्या पेशींना अपॉप्टोसिसच्या वाटेला लावणारी साधनं आपल्याकडे आहेत. रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध बऱ्याच अंशी हेच काम करतात, आणि किती मात्रेला किती परिणाम होतो हे त्यांच्या बाबतीत मोजलेलं आहे. तोंडाच्या कर्करोगात मात्र पहिला मान ऑपरेशनचाच. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या 2015 सालच्या मोठ्या अभ्यासात सुरुवातीच्या अवस्थेतले रुग्ण होते. ज्यांच्या मानेतल्या लसिका गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांच्यातले 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. त्या गाठींत कर्करोग दिसू लागेपर्यंत मानेच्या ऑपरेशनसाठी थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण 67.5 टक्के होतं. थांबण्याची किंमत ही अशी असते.

हळदीचं दूध वडिलांना आवडत असेल तर खुशाल द्या. करक्युमिनच्या कॅप्सूल सुरू केल्या असतील तर मात्र सर्जनना आजच कळवा. त्या कॅप्सूलने रक्तस्राव वाढू शकतो.

प्रश्न : मी एम.एस्सी.ला आहे. एका वनस्पतीच्या अर्काने केबी पेशींमध्ये अपॉप्टोसिस होतो का, असा माझा प्रकल्प आहे. तोंडाच्या कर्करोगावर काम म्हणून तो चांगला आहे का? (कोल्हापूर)

विषय चांगला आहे, पेशी बदला. केबी ही पेशीरेषा (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशी) तोंडाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षं वापरली गेली, पण ती प्रत्यक्षात हेला पेशींनी व्यापलेली आहे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. 1960 च्या दशकाअखेरीलाच हे लक्षात आलं होतं, तरी अजूनही ‘तोंडाच्या कर्करोगावर प्रभावी’ असे निबंध केबीवर निघतात. हा नुसता नावाचा घोळ नाही. हेलामध्ये एचपीव्ही 18 चा विषाणू असतो आणि त्याचं एक प्रथिन पी53 चा, म्हणजे बिघडलेल्या पेशीला मरणाचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचा, निकाल लावतं. पी53 चं जनुक मात्र शाबूत असतं. आपल्याकडच्या तंबाखूवाल्या तोंडाच्या कर्करोगात विषाणूचा हात क्वचित, तिथे पी53 चं जनुकच बऱ्याचदा मोडलेलं असतं. मरणाचा निरोप जिथून निघतो ती जागाच दोन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडलेली आहे. मग एकीवरचा निष्कर्ष दुसरीला कसा लावणार?

पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या) पेशीसंग्रहाकडे चौकशी करा, आणि पेशी कुठूनही आणल्या तरी त्यांचा एसटीआर अहवाल (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारा) मागा. मुंबईत तयार झालेली एडब्ल्यू 13516 ही जिभेच्या कर्करोगाची पेशीरेषा आपल्या रुग्णांच्या जास्त जवळची आहे. शेजारच्या बशीत तोंडातल्या निरोगी पेशी ठेवायला विसरू नका. अर्काने दोन्ही सारख्याच मेल्या तर तुम्हाला औषध नव्हे, विष सापडलं आहे. मिठाचं तीव्र पाणीही बशीतला कर्करोग मारतं.

‘पेशी मेल्या’ आणि ‘अपॉप्टोसिसने मेल्या’ हे वेगळं दाखवावं लागेल. एमटीटी या रंगाच्या चाचणीत रंग कमी उतरला म्हणजे पेशी कमी झाल्या किंवा सुस्तावल्या, एवढंच कळतं. बॅक्स हे प्रथिन वाढतं, मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, कॅस्पेस 9 आणि मग कॅस्पेस 3 ही पेशी मोडणारी विकरं जागी होतात, डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे पडतात. या साखळीतल्या निदान दोन-तीन कड्या दाखवा. अर्कात करक्युमिन किंवा तसलं पिवळं द्रव्य असेल तर जास्त सावध राहा. करक्युमिन स्वतःच चमकतं, आणि फ्लो सायटोमेट्रीत (पेशींची चमक एकेक करून मोजणाऱ्या तपासणीत) ही चमक मरणाऱ्या पेशींना चिकटणाऱ्या अॅनेक्सिनच्या हिरव्या रंगात मिसळून खोटा अपॉप्टोसिस दाखवते. रंग न घातलेली, फक्त अर्क टाकलेली नळी दर वेळी लावा. 2017 साली औषधरसायनशास्त्रज्ञांनी करक्युमिनवर सविस्तर आढावा लिहिला तो अशाच फसव्या वाचनांमुळे.

एक आणखी सांगते, कारण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्वतः थबकले होते. कोणतंही औषध न मिळालेल्या गाठीच्या कापातही अपॉप्टोसिस दिसतो : आक्रसलेली, गर्द गुलाबी पेशी, आत काळाभोर ठिपका, भोवती पांढरं कडं. गाठीत पेशी मरतच असतात, पण जन्मणाऱ्या जास्त असतात. म्हणून मेलेल्या पेशी दाखवून भागत नाही, औषधाविना किती मरत होत्या हेही मोजावं लागतं.

प्रश्न : माझी पत्नी पंधरा वर्षं मिश्री लावते. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा आला आहे. डॉक्टरांनी बायोप्सी करून ‘अजून कर्करोग नाही’ असं सांगितलं. या टप्प्यावर तरी नैसर्गिक औषधाचा उपयोग होतो का? (बीड)

हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण इथे माणसांवर झालेलं खरं काम आहे. केरळमध्ये 1995 साली तंबाखू चघळणाऱ्यांना वर्षभर रोज एक ग्रॅम स्पिरुलिना हे शेवाळ दिलं. 44 पैकी 20 जणांचे चट्टे पूर्ण गेले. स्पिरुलिना नसलेलं, नुसतं दिखाऊ औषध घेणाऱ्या 43 जणांत फक्त 3 जणांचे. आनंद वाटतो ना? पण स्पिरुलिना थांबवल्यावर वर्षाच्या आत त्या 20 पैकी 9 जणांना चट्टे परत आले.

2016 साली दक्षिण भारतातल्या 223 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज 3.6 ग्रॅम करक्युमिन, सहा महिने. चट्ट्यांत सुधारणा 67.5 टक्क्यांना, आणि औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांत 55.3 टक्क्यांना. दुसरा आकडा नीट पाहा. औषधाविनाही निम्म्याहून जास्त चट्टे सुधारतात, म्हणून ‘माझ्या मावशीला अमुक काढ्याने गुण आला’ या अनुभवावर मला उपचार उभारता येत नाही. अमेरिकेत ग्रीन टीच्या अर्काने चट्टे लहान झाले, पण पुढे कर्करोग होण्यात फरक दिसला नाही.

थोडक्यात, चट्ट्यावर काही परिणाम दिसतो; कर्करोग टळतो हे कुणी दाखवलेलं नाही. वहिनींची मिश्री सुटणं हे आज सर्वात मोठं औषध आहे. त्यांना रागावू नका. ‘दात दुखतात म्हणून लावते’ असं बहुतेक बायका सांगतात, आणि ते खरंही असतं, तेव्हा आधी दात दाखवा. व्यसन सोडवायला 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक आहे. चट्टा दर तीन ते सहा महिन्यांनी तपासून घ्या. तो लाल झाला, खडबडीत लागला किंवा कडा टणक वाटल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

प्रश्न : तुम्ही झाडपाल्याला नावं ठेवता. सदाफुलीपासून कर्करोगाचं औषध निघतं हे खरं ना? मग रोज पाच पानं चावली तर बिघडलं कुठे? (निवृत्त शिक्षक, नंदुरबार)

सर, नावं मुळीच ठेवत नाही. सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन निघतं आणि रक्ताच्या कर्करोगाची कितीतरी मुलं त्याने बरी होतात. पण ते शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात, कारण थोडं जास्त झालं तरी नसांना इजा होते. पाच पानांत किती आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. शिवाय तोंडाच्या कर्करोगावर ते मुख्य औषध नाही.

आता तुमच्याच गावचं सांगते. मनसुख वाणी हे रसायनशास्त्रज्ञ नंदुरबारला 1925 साली जन्मले. अमेरिकेत त्यांनी मन्रो वॉल यांच्यासोबत पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं केलं. 12 किलो सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम. साल गोळा केली 1962 साली, रचना छापून आली 1971 साली, पेशीत ते नेमकं काय करतं हे 1979 साली उमगलं आणि अमेरिकेत परवानगी मिळाली 1992 साली. विभागणाऱ्या पेशीचे धागे ते गोठवतं. पेशी मधेच अडकते आणि अपॉप्टोसिसने मरते. त्याचा भाऊ डोसेटॅक्सेल, तो युरोपियन यूच्या पानांतल्या द्रव्यापासून बनतो. डोक्या-मानेच्या कर्करोगात ज्यांना सिस्प्लॅटिन झेपत नाही, अशांना रेडिएशनबरोबर डोसेटॅक्सेल दिल्यावर दोन वर्षं रोगाविना राहणाऱ्यांचं प्रमाण 30.3 वरून 42 टक्क्यांवर गेलं. हा टाटा हॉस्पिटलचाच अभ्यास, 2023 साली प्रसिद्ध झालेला. झाडपाल्याचं औषध होतं ते असं, तीस-तीस वर्षं खपून. वाणी यांचं नाव नंदुरबारच्या शाळांतल्या मुलांना ठाऊक असावं असं मला फार वाटतं. तुमचे जुने विद्यार्थी शिकवत असतील तर जरूर सांगा.

प्रश्न : माझं रेडिएशन चालू आहे. ताकदीसाठी अश्वगंधा आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेऊ का? (ठाणे)

रेडिएशन संपेपर्यंत नको. किरणं पेशीत ऑक्सिडेशन घडवूनच तिला मरणाकडे ढकलतात. त्याच वेळी अँटिऑक्सिडंटची मोठी मात्रा घेणं म्हणजे आपल्याच उपचाराचा हात धरणं. कॅनडात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या 540 रुग्णांवर व्हिटॅमिन ईचा अभ्यास झाला. गोळी चालू असतानाच्या काळात तिच्या गटात नवे कर्करोग जास्त झाले, आणि पुढे मृत्यूही जास्त. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. ताकद जेवणातूनच आणा : मऊ खिचडीवर तूप, अंडं, पनीर, ताक. गिळताना दुखत असेल तर सोसत बसू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. नळीने अन्न देण्याची वेळ आली तरी त्यात हरल्यासारखं काही नाही.

प्रश्न : मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी. ती तर नैसर्गिकच आहे? (फोंडा)

नैसर्गिक आहे आणि कर्करोगकारकही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालच्या अहवालात तंबाखूविरहित विडा आणि नुसती सुपारी या दोन्हींना कर्करोगकारक ठरवलं. सुपारीतल्या अरेकोलिनने गालाच्या आतल्या अस्तराखालचा थर चिवट दोऱ्यांसारखा आवळत जातो, तिखट सोसत नाही, तोंड कमी उघडू लागतं. आज आरशासमोर उभे राहा आणि आपलीच तीन बोटं, एकावर एक उभी, पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही जात नसतील तर या आठवड्यात दंतवैद्याला दाखवा, आणि खिशातली डबी जाण्याआधीच टाकून द्या.