ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी कोटावर लाल पॉपी लावतात. भारतीय माणसाने ती लावावी का?

तुम्ही लिहिलंय की महिन्याभरापूर्वी कामासाठी इंग्लंडला आलात, ऑफिसात एकाने कागदी लाल फूल आणून हातात दिलं, तुम्ही लावलंत, घरी फोटो पाठवलात आणि कुडाळच्या काकांनी फोन करून झापलं, "इंग्रजांच्या पलटणीचं फूल छातीवर मिरवतोस?"

मी इथे चौदा वर्षं आहे. हॉस्पिटलात फिजिओथेरपीचं काम करते. या फुलावरून मीही एकदा बोलणी खाल्ली आहेत, पण उलट्या बाजूने. ते पुढे सांगते.

पॉपी म्हणजे काय, इथूनच माझा पहिला गोंधळ झाला होता. पहिल्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या अनारसे करून कामावर नेले. एका सहकारी बाईने विचारलं, वर हे कसले दाणे? मी म्हटलं, पॉपीच्या बिया. तिने अनारशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीवरच्या फुलाकडे पाहिलं आणि खायची थांबली. तिला वाटलं मी काहीतरी थट्टा करतेय. खरं तर दोन्ही वेगळी झाडं. आपली खसखस अफूच्या बोंडातली. कोटावरची पॉपी म्हणजे युरोपातल्या गव्हाच्या शेतात उगवणारं तण, त्यात अफू नाही. हाच घोळ मोठ्या पातळीवरही झाला. 2010 च्या नोव्हेंबरात पंतप्रधान कॅमेरॉन बीजिंगला गेले, तेव्हा चिनी अधिकाऱ्यांनी पाहुण्यांना फुलं काढून ठेवायला सुचवलं, कारण त्यांना त्यात अफूचं युद्ध दिसलं, ब्रिटनने अफूच्या व्यापारासाठी चीनवर लादलेलं. पाहुण्यांनी फुलं काढली नाहीत. चिन्यांचं वनस्पतिशास्त्र चुकलं, इतिहास चुकला असं मला म्हणवत नाही.

या तणाची एक खोड आहे. बी जमिनीत वर्षानुवर्षं नुसतं पडून राहतं आणि माती उलटून त्याला उजेड लागला की रुजतं. पहिल्या महायुद्धात बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधली जमीन तोफगोळ्यांनी इतकी नांगरली गेली, की जिथे माणसं पुरली तिथेच वर लाल फुलांचे ताटवे आले. मे 1915 मध्ये जॉन मॅक्रे या कॅनेडियन लष्करी डॉक्टरने तिथे मित्राला पुरल्यावर या फुलांवर कविता लिहिली. ती वाचून मोइना मायकेल या अमेरिकन बाईंनी फूल लावायला सुरुवात केली, आना गेराँ या फ्रेंच बाईंनी कापडी फुलं विकून पैसे उभे करायची युक्ती काढली आणि 1921 मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या ब्रिटिश लीजनने, म्हणजे माजी सैनिकांच्या संस्थेने, ती उचलली. पहिल्याच वर्षी 1 लाख 6 हजार पौंड जमले. पुढच्या वर्षी युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना काम मिळावं म्हणून लंडनमध्ये फुलांचा कारखाना निघाला. स्कॉटलंडचा कारखाना वेगळा, तिथल्या फुलाला चार पाकळ्या आणि पान नाही. इंग्लंडच्या फुलाला दोनच पाकळ्या आणि एक हिरवं पान. पूर्वी देठ प्लास्टिकचा होता, 2023 पासून सगळं कागदाचं झालं. टाचणीने बोटाला भोसकायचं मात्र अजून सोडलेलं नाही.

आता मधल्या काळ्या बटणाकडे बघा. 1994 पर्यंत त्यावर 'हेग फंड' अशी अक्षरं असायची. हे हेग म्हणजे फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईतले ब्रिटिश सरसेनापती. 1 जुलै 1916 या एका दिवसात त्यांच्या सैन्यातले 19,240 लोक मेले. युद्धानंतर त्यांनी माजी सैनिकांसाठी मनापासून काम केलं हेही खरंच. पण मुलगा गेलेल्या आईने ते फूल टोचून घ्यायचं आणि मधोमध नाव कोणाचं, तर ज्याच्या हुकमाने तो गेला त्याचं. मला या सगळ्या वादाचं मूळ त्या बटणात दिसतं. हे फूल मेलेल्यांसाठी आहे की त्यांना पाठवणाऱ्यांसाठी? लीजन म्हणते, हे स्मरणाचं फूल आहे, युद्धाच्या समर्थनाचं नाही, आणि लावणं न लावणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. सगळ्यांना हे पटलं नाही. 1933 मध्ये को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्ड या सहकारी चळवळीतल्या महिला संघटनेच्या बायकांनी पांढरी पॉपी काढली. त्यांच्यातल्या कित्येकींचे नवरे, मुलगे, भाऊ त्या युद्धात गेलेले. 'पुन्हा युद्ध नको' हे लाल फूल बोलत नाही, मग आम्ही बोलतो, असं त्यांचं म्हणणं. पांढरी पॉपी अजूनही मिळते आणि ती लावणाऱ्याला अजूनही तिरके बोल ऐकावे लागतात.

दुसरा पेच पैशाचा. डब्यात टाकलेले पैसे 1918 च्या सैनिकांना जात नाहीत, ते सैनिक कधीच वारले. पैसे जातात आजच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना. त्यात इराकहून आलेले आहेत, अफगाणिस्तानातून आलेले आहेत आणि उत्तर आयर्लंडमध्ये तैनात असलेलेही. इथे जेम्स मॅक्लेन या फुटबॉलपटूचं उदाहरण घ्या. तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातला, क्रेगन वस्तीत वाढलेला. 30 जानेवारी 1972 ला त्याच शहरात ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला. तेरा जण त्या दिवशी गेले, चौदावा नंतर. मेलेल्यांपैकी बरेच त्याच्या वस्तीतले. इंग्लिश क्लबांकडून खेळताना नोव्हेंबरात पॉपी छापलेला शर्ट घालायला तो नकार द्यायचा आणि दरवर्षी शिव्या खायचा. 2014 मध्ये त्याने क्लबच्या मालकाला पत्र लिहून सांगितलं, की हे फूल फक्त दोन महायुद्धांतल्या मृतांसाठी असतं तर मी वर्षभर लावलं असतं. मला यात उद्धटपणा कुठेच दिसत नाही. ज्याच्या शहरात गोळ्या चालल्या, त्याने त्या पलटणीच्याही मदतनिधीचं फूल छातीवर का घ्यावं?

पण त्याच उत्तर आयर्लंडमध्ये एनिस्किलन नावाचं गाव आहे. 8 नोव्हेंबर 1987 ला, स्मरणाच्या रविवारी, तिथल्या युद्धस्मारकाशी लोक पॉपी लावून जमले होते. आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने ठेवलेल्या बॉम्बने त्यात अकरा जण मारले. त्या घरांतल्या कोणाला पॉपी हे साम्राज्याचं चिन्ह आहे असं समजावून बघा.

म्हणून 'पॉपीचा अर्थ काय' असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, तुम्ही कुठल्या गावचे?

आता आपल्या गावाकडे येते. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आम्ही तिच्याखाली सागरगोटे खेळायचो. दरवर्षी चावडीला चुना मारताना अर्धी अक्षरं बुजायची, मग कोणीतरी नखाने खरवडायचं. आकडा वाचता यायचा, नाव मात्र एकही नव्हतं. अशा पाट्या आपल्याकडे ठिकठिकाणी आहेत, काकांना विचारा, कोकणातही असतील.

गेलेले लोक बहुतेक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. आजी 'बसऱ्याला गेलेले' म्हणायची. ब्रिटिश जनरल टाउन्शेंडच्या हाताखाली तिथल्या कुत या गावात जी फौज अडकली तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन, आणि तीत तीन मराठा पलटणी होत्या. वेढा डिसेंबर 1915 मध्ये पडला. उपासमार, घोड्याच्या मांसावरून धर्मसंकट, आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती. नंतर शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात हजारो मेले. टाउन्शेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. शिपायाचा पगार महिना 11 रुपये. बसऱ्याला या मोहिमेचं मोठं स्मारक 1929 मध्ये उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश शिपायाचं नाव आहे, भारतीय अधिकाऱ्याचंही आहे, आणि साध्या भारतीय शिपायांचा पलटणीनुसार आकडा. चावडीवर आकडा, बसऱ्यातही आकडाच. ही स्मारकं सांभाळणाऱ्या युद्धसमाधी आयोगाने 2021 मध्ये आपल्या अहवालात हा भेदभाव कबूल केला.

पहिल्या महायुद्धात भारताचे सुमारे 13 लाख लोक गेले, 74 हजारांच्या आसपास मेले. 2018 मध्ये लीजनने त्यांच्या आठवणीसाठी खादीची पॉपी काढली. ज्या कापडाने साम्राज्याला जेरीस आणलं, त्याच कापडाचं फूल साम्राज्याच्या शिपायासाठी! मला पहिल्यांदा हसूच आलं. मग एक घेतली.

काकांचा आक्षेप नवा नाही, आणि त्यांच्या बाजूने एक सुंदर उदाहरण आहे. ब्रिटिश सिलोनमध्येही, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, 11 नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दिवशी, पॉपी विकत आणि बराचसा पैसा इंग्लंडला जाई. तिथल्या माजी सैनिकांच्या हाती फारसं काही लागत नसे. म्हणून 1931 मध्ये तिथल्या माजी सैनिकांनीच त्याच दिवशी सुरियाची पिवळी फुलं विकायला घेतली. सुरिया म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचं भेंडीचं झाड, भाजीची भेंडी नव्हे. डोरीन यंग या तिथे शिकवायला आलेल्या इंग्लिश बाईंनी 1933 मध्ये ही मोहीम उचलून धरली आणि पुढे याच मंडळींतून तिथला डावा पक्ष उभा राहिला. स्वतंत्र भारतानेही 1949 पासून 7 डिसेंबरचा ध्वजदिन सुरू केला. शाळेत रुपया देऊन तो कागदी झेंडा तुम्हीही टाचणीने लावला असेलच. देऊ का नको, असं कोणी विचारलं नव्हतं, बाई यादी घेऊन उभ्या असायच्या.

आता मी खाल्लेल्या बोलण्यांबद्दल. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी पॉपी लावली नव्हती. काही तत्त्व वगैरे नव्हतं, कोट धुवायला टाकला होता. बैठकीत वरच्या एका बाईने सगळ्यांसमोर विचारलं, "तुझी पॉपी कुठे आहे?" आवाज गोड होता. पण इतकी माणसं बसलेली, आणि प्रश्न फक्त मला. माझ्या शेजारच्या गोऱ्या मुलानेही लावली नव्हती, त्याला कोणी विचारलं नाही. घरी येऊन चावडीवरच्या पाटीची आठवण झाली आणि इतका राग आला की त्या वर्षी मी मुद्दाम लावलीच नाही. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या जॉन स्नो यांनी 2006 मध्ये या सक्तीला 'पॉपी फॅसिझम' म्हटलं होतं. ते पडद्यावर कुठलंच चिन्ह लावत नसत, खासगीत पॉपी लावत. शब्द जहाल आहे, पण त्या बैठकीनंतर मला तो जास्त वाटत नाही.

नंतरच्या वर्षांत मी पुन्हा लावू लागले, माझ्या हिशोबाने. सुपरमार्केटच्या दाराशी छातीवर पदकं लावलेले आजोबा डबा घेऊन थंडीत उभे असतात. फुलाला ठरलेली किंमत नाही, जमेल ते टाकायचं. माझ्याकडे पाय गमावलेले पेशंट येतात, त्यांत अफगाणिस्तानहून आलेलेही होते. ते युद्ध मला पटलं नव्हतं. पण पोराला नव्या पायावर उभं करताना मी युद्धाचं विचारत नाही, तसंच डब्यात पैसे टाकतानाही नाही. 11 तारखेला अकरा वाजता वॉर्डात दोन मिनिटं सगळं थांबतं. इतर लोक काय आठवतात मला माहीत नाही, मी चावडीवरचा तो आकडा आठवते.

तुम्हाला पटत असेल तर लावा. नसेल तर सहकाऱ्याला "थँक्यू, पण मी लावत नाही" एवढं म्हणा, कारण द्यायला लागत नाही. लावलीत तर 11 तारीख किंवा स्मरणाचा रविवार, जो नंतर येईल तो झाला की काढून ठेवा. डिसेंबरात फूल तसंच राहिलं तर लोक हसतात. आणि टाचणी कोटाच्या कापडातून दोनदा ओवा, नाहीतर पहिल्याच बसमध्ये फूल पडतं.

काकांसाठी एक उपाय आहे. लिओ वराडकरांचं नाव त्यांनी ऐकलं असेलच, वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. आयर्लंडचे पंतप्रधान असताना, नोव्हेंबर 2017 मध्ये, ते तिथल्या संसदेत पॉपी लावून आले होते. ब्रिटिश सैन्यात जाऊन पहिल्या महायुद्धात मेलेल्या आयरिश लोकांसाठी काढलेली, शॅमरॉकच्या तीन पानांवर बसवलेली पॉपी. ज्या देशाने इंग्रजांशी लढून स्वातंत्र्य घेतलं त्याच्या संसदेत! टीका झालीच. त्याच आठवड्यात ते एनिस्किलनच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहायलाही गेले. तो फोटो काकांना पाठवा. कुडाळचा माणूस वराडच्या माणसाला काय म्हणतो ते मला जरूर कळवा.