सायकलला बॅग हवीय, पण ट्रेकला निघाल्यासारखी नको

प्रश्न : ताई, मी कोथरूडला राहते, ऑफिस शिवाजीनगरला. दिवाळीत स्वतःसाठी साधी सिटी सायकल घेतली, मागे कॅरिअर आहे. लॅपटॉप, डबा, बाटली सगळं सॅकमध्ये भरून पाठीवर घेते आणि पोचेपर्यंत कुर्ता पाठीला चिकटलेला असतो. सायकलच्या बॅगा बघितल्या तर सगळ्या काळ्या नाहीतर पोपटी. ऑफिसात टेबलापाशी ठेवली तर कोणी वळून बघणार नाही, किंवा बघितलं तर कुठून घेतली विचारेल, अशी हवी. कधीकधी साडी पण असते. बजेट साडेतीन हजार. काय घेऊ? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुम्ही कुर्त्याचं सांगितलंत, साडीचं सांगितलंत, रंगाचं सांगितलंत आणि कॅरिअरबद्दल फक्त 'मागे आहे' एवढंच! खरी मेख तिथंच आहे हो. या बाजूला लटकवायच्या बॅगांना पॅनिअर म्हणतात, त्या कॅरिअरच्या नळीवर हूकने अडकतात, आणि हे हूक साधारण ८ ते १६ मिलिमीटर जाडीच्या नळीसाठी केलेले असतात. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या कॅरिअरला बऱ्याचदा नळीच नसते, चपटी पट्टी असते आणि वर ती उंदराच्या सापळ्यासारखी स्प्रिंगची क्लिप, तिच्यावर हूक बसतो खरा पण डुगडुगत राहतो. तेव्हा आज घरी गेलात की नळीला दोरा गुंडाळा, एक वेढा पट्टीवर मोजा, ३१ मिलिमीटर भरला की समजा नळी १० ची. हे न करता मी बॅग घेतली होती म्हणून सांगतेय.

माझी होती मोहरीच्या रंगाची, कॅनव्हासची, फार गोड. सेलमध्ये दिसली आणि घेतली. चौथ्या का पाचव्या दिवशी नळ स्टॉपच्या पुढे एका स्पीडब्रेकरला सायकल उडाली, बॅग तिच्याहून जास्त उडाली आणि खाली आली ती रस्त्यावरच, डब्याचं झाकण एकीकडे, मटकीची उसळ दुसरीकडे, मागून रिक्षावाले काका म्हणतायत मॅडम तुमचं पार्सल पडलं. हूकला खालून लॉकच नव्हतं, नुसतं वरून अडकवलेलं. आता दुकानात गेले की मी पहिल्यांदा बॅग अडकवून खालून वर ढकलून बघते, निघाली तर तिथंच ठेवते. चांगल्या हूकला खालून एक खटका असतो, बॅगेचा हँडल उचलला की तो उघडतो, एरवी घट्ट. आणि बॅगेच्या पाठीला खालच्या बाजूला अजून एक हूक किंवा इलॅस्टिकचा पट्टा हवा, नाहीतर वळणावर बॅग दारासारखी उघडझाप करते.

दुसरं म्हणजे टाच. मागचा भाग आखूड असलेल्या सायकलला पेडल मारताना टाच बॅगेला थडकत राहते, ठक ठक ठक, दोन किलोमीटरमध्ये डोकं उठतं. म्हणून दुकानात सायकल घेऊनच जा, लाजू नका. कोणालातरी सायकल धरायला सांगा, बसा आणि पेडल उलटं फिरवा. बॅगेचा पुढचा कोपरा तिरका कापलेला असेल किंवा हूक मागेपुढे सरकत असतील तर निभतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, स्टाइल. कॅनव्हास दिसायला सगळ्यात छान, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय असतं ते तुम्हाला माहितीये. कापडाला आतून कोटिंग असलं तरी शिलाईला सुईची भोकं असतात ना, पाणी तिथून येतं. याला तोड म्हणजे शिलाईऐवजी वेल्डिंग केलेली, तोंड गुंडाळून क्लिप लावायची बॅग. जर्मनीची ऑर्टलीब कंपनी १९८२ पासून हेच करतेय, त्यांच्या मालकाला ती कल्पना ट्रकवरची ताडपत्री बघून सुचली होती! पण त्यांची जोडी तुमच्या बजेटच्या फार बाहेर आहे, आणि खरं सांगू, दिसायला ती ताडपत्रीच दिसते. लेदर तर विचारू नका, थंडीत रुबाबदार आणि ऑगस्टमध्ये बुरशी, मी एका मैत्रिणीची टॅन रंगाची बॅग पांढरी-हिरवी झालेली बघितलीये.

मी तुमच्या जागी असते तर नवी सायकलची बॅग घेतलीच नसती. आवडती ऑफिस बॅग घ्यायची, चौकोनी, पाठ सपाट असलेली, आणि तिला हूक बसवून घ्यायचे. हूक सुटे ऑनलाइन मिळतात. आतून पाठीला तीनेक मिलिमीटरची प्लास्टिक शीट लावायची, हूकचे बोल्ट तिच्यातून काढायचे, वॉशर घालायचे, बोल्टच्या डोक्यावर रेक्झिनचा तुकडा शिवून घ्यायचा म्हणजे लॅपटॉपला ओरखडे नाहीत. पेठेतला बॅगा दुरुस्त करणारा कोणीही हे करतो, फक्त जवळ उभं राहून सांगावं लागतं. बकल, पट्टे, चेन हे सगळं रविवार पेठेत मिळतं. माझ्या सध्याच्या बॅगेचं अंग १००० डेनिअर नायलॉनचं आहे (डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये, आकडा मोठा तसा धागा जाड) आणि फ्लॅप तेवढा खणाचा, काठासकट. पावसाळ्यात वर रेनकव्हर चढवते, पिवळं, अगदीच कुरूप आहे पण ऑफिसच्या दारात काढून ठेवते. लॅपटॉपचा कप्पा मात्र बॅगेच्या तळापासून दोन बोटं वर शिवून घ्या, खड्ड्यात बसणारा दणका थेट त्याला नको.

बॅग डाव्या बाजूला लावा. ट्रॅफिक आपल्या उजवीकडून जातं, चेनचं ऑइलही उजवीकडेच. आणि साडीसाठी एक फायदा आहे, डावीकडची बॅग मागच्या चाकावर झाकणासारखी बसते, मोटरसायकलच्या साडी गार्डचं निम्मं काम तीच करते. उजवीकडे चेनकव्हर नसेल तर आधी ते बसवा, बॅग नंतर. पदर मात्र खोचायचाच! साईड स्टँडवर लावताना आधी बॅग काढायची, भरलेल्या बॅगेसकट सायकल कलंडते. आणि मागचा लाल दिवा सीटखाली असेल तर मागे उभं राहून बघा, बॅगेमागे लपत नाही ना.

प्रश्न : मी मंडईतून भाजीची पिशवी हँडलला अडकवून आणतो, गेली चाळीस वर्षं. मुलगा म्हणतो बाबा हे बंद करा. कोणाचं बरोबर? – एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काका, राग मानू नका, मुलाचं. झोका घेणारी पिशवी एकदा पुढच्या चाकाच्या तारांत गेली की चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. चाळीस वर्षं झालं नाही हे तुमचं नशीब, आणि तेव्हा रस्त्यावर एवढ्या गाड्याही नव्हत्या.

बुरुड आळीत जा आणि हँडलच्या मापाची बांबूची टोपली करून घ्या, वरची कड जाड सांगा. नुसत्या पट्ट्यांवर लटकवू नका, पुढच्या चाकाच्या आसापासून वर येणारा लोखंडी आधार सायकलवाल्याकडून बसवून घ्या, नाहीतर टोपली मडगार्डवर टेकते. पुढे वजन झालं की हँडल जड होतं, म्हणून कांदे-बटाटे मागे कॅरिअरवर आणि टोपलीत पालेभाजी, कोथिंबीर, लिंबं एवढंच. तळाशी गोणपाटाचा तुकडा टाका, नाहीतर हिरव्या मिरच्या बांबूच्या फटीतून एकेक करून रस्त्याला लागतात, माझ्या अप्पा बळवंत चौकापर्यंत लागल्या होत्या.