सगळं ३० ८२ नेच सुरू होतं, तिथेच मी फसलो

फाइलीचं नाव डॉट सीआरटी, पण आत 'बिगिन सर्टिफिकेट' कुठेच नाही आणि पहिले बाइट ३० ८२, मग हिला सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारी, कुणालाही दाखवता येणारी फाइल) धरू का, असं तुम्ही विचारलंय. धरू नका. नेमकं तेच धरून मी एकदा पुरता आपटलोय.

पेमचं, म्हणजे 'बिगिन' ओळ असलेल्या मजकुरी फाइलींचं, सांगत बसत नाही. एवढंच, की 'बिगिन' फक्त पहिल्या ओळीत शोधू नका. वर कधी 'बॅग ॲट्रिब्यूट्स'चा मजकूर असतो, कधी बीओएम (फाइलीच्या सुरुवातीचे न दिसणारे खुणेचे बाइट) चिकटलेला असतो, आणि सर्टिफिकेटच्या खाली त्याच फाइलीत प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त ठेवायची किल्लीसुद्धा निघते.

खरा घोळ बायनरीत, म्हणजे मजकूर नसलेल्या नुसत्या बाइटांच्या फाइलींत. ३० ८२ दिसले की 'सर्टिफिकेट' असा शिक्का मारणारी छोटीशी स्क्रिप्ट मी लिहिली होती. त्या दोन बाइटांचा अर्थ फक्त 'हा सीक्वेन्स (एकात बांधलेली घटकांची यादी) आहे, लांबी पुढच्या दोन बाइटांत' एवढाच. आम्हाला सर्टिफिकेट आणि की दोन्ही बनवून देणाऱ्या कंपनीकडून डॉट सीईआर नावाची फाइल आली, स्क्रिप्टने शिक्का मारला आणि मी ती सगळ्यांना खुल्या असलेल्या फोल्डरमध्ये टाकली. आत होतं पीकेसीएस १२, म्हणजे सर्टिफिकेट आणि की एकत्र ठेवणारं गाठोडं. प्रायव्हेट कीसकट. पासवर्ड रिकामा! चार दिवसांनी एका सहकाऱ्याने सहज उघडून बघितली तेव्हा कळलं. सर्टिफिकेट रद्द करा, नवीन की बनवा, प्रत्येक सर्व्हरवर बदला. त्या कंपनीच्या हेल्पडेस्कला एक्स्टेन्शन चुकीचं असल्याचं तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा उत्तर एकच : 'फाइल आमच्याकडे उघडते.' आणि तिकीट बंद.

आता मी लांबीचे बाइट ओलांडून आत काय आहे ते बघतो. ०२ ०१ ०३ असेल तर बहुतेक पीकेसीएस १२. ०२ ०१ ०० आणि लगेच ३० असेल तर पीकेसीएस ८ (प्रायव्हेट की साठवायचा एक प्रमाण साचा) ची की. ३० ऐवजी ०२ आला तर बहुतेक जुन्या पद्धतीची आरएसए प्रकारची प्रायव्हेट की. ०२ ०१ ०१ नंतर ०४ म्हणजे ईसी (इलिप्टिक कर्व्ह) प्रकारची प्रायव्हेट की. ०६ ०९ असेल तर बहुधा पीकेसीएस ७, ज्यात बरेचदा सर्टिफिकेटांचा गठ्ठा असतो. आणि आत पुन्हा ३० च आला तर सर्टिफिकेट असू शकतं, पण सीएसआर (सर्टिफिकेट मागणारा अर्ज) आणि पासवर्ड लावलेली पीकेसीएस ८ की यांचीही सुरुवात तशीच होते. तिथे अंदाज सोडा आणि पूर्ण पार्स करा, म्हणजे आतली रचना शेवटपर्यंत उलगडून वाचा.

'पाचवा बाइट बघा' असा सल्ला सगळीकडे सापडेल, तो अर्धवट आहे. लहान ईसी की ३० ७७ ने सुरू होते, म्हणजे लांबी दुसऱ्याच बाइटात आणि आतला मजकूर तिसऱ्याच बाइटापासून. काही पीकेसीएस १२ फाइली ३० ८० ने सुरू होतात, त्यांत लांबी दिलेलीच नसते. लांबी वाचूनच पुढे सरका.

जाता जाता : जावा ९ पासून कीस्टोअरचा (जावाच्या की आणि सर्टिफिकेटं ठेवायच्या फाइलीचा) डिफॉल्ट प्रकार पीकेसीएस १२ आहे, त्यामुळे डॉट जेकेएस या जावाच्या जुन्या प्रकाराच्या नावावरही जाऊ नका.

मी काही सुरक्षातज्ज्ञ नाही, माझ्या हाताखालून गेलेल्या फाइलींपुरतंच हे. पण माझ्या मते जी फाइल ओळखता येत नाही ती प्रायव्हेट कीच समजावी. प्रोग्रॅम 'अनोळखी' म्हणाला तर म्हणू द्या.

तुमच्या फाइलीचे पहिले १० बाइट हेक्समध्ये इथे लिहा, बघू. फाइल मात्र टाकू नका.