वाचक विचारतात : युनियनच्या पैशाचा हिशोब मागायचा कसा?

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला आहे. मागच्या वर्षी आमचा करार झाला, फरकाची रक्कम मिळाली आणि त्यातनं युनियनने माणशी ३००० रुपये कापून घेतले. पावती कुणालाच दिली नाही. दोन वर्षं झाली जनरल बॉडी झालेली नाही. हिशोब विचारला की म्हणत्यात, तू कंपनीचा माणूस हायस, युनियन फोडायला निघालायस. सरकारकडं तक्रार करता येती का? केली तर पैसे परत मिळतील का?
— एक कामगार, कुपवाड

उत्तर : आधी ते "कंपनीचा माणूस" वालं बघू, कारण निम्मे लोक तिथंच गप्प बसतात. हिशोब बघणं हा सभासदाचा कायद्याने दिलेला हक्क आहे, कमिटीने मेहरबानी करून द्यायची गोष्ट नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात कलम ६ मध्ये स्पष्ट आहे की युनियनच्या नियमावलीत फंड सुरक्षित ठेवायची सोय, दरवर्षी ऑडिट आणि सभासदांना वह्या बघायची सोय लिहिलेलीच पाहिजे, त्याशिवाय रजिस्ट्रेशनच होत नाही. कलम २० परत तेच सांगतं, की नियमात दिलेल्या वेळी सभासद हिशोबाच्या वह्या आणि सभासदांची यादी बघू शकतो. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झालीय, पण जुन्या रजिस्टर्ड युनियन तशाच चालू धरल्या जातात आणि ऑडिट करून हिशोब द्यायची जबाबदारीही सुटलेली नाही. त्यामुळे "तो कायदा गेला आता" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता पैसा कशावर खर्च करता येतो ते बघा. जुन्या कायद्याच्या कलम १५ मध्ये यादीच आहे: ऑफिसचा खर्च, पदाधिकाऱ्यांचा पगार-भत्ता, कोर्टकेस, मालकाबरोबरचा वाद चालवणं, संपात नुकसान झालेल्याला मदत, आजारपण, अपघात, म्हातारपण, मेलेल्याच्या घरच्यांना मदत, पोरांचं शिक्षण, असं सगळं. म्हणजे ३००० रुपये घेणं हे आपोआप चुकीचं ठरत नाही, करारासाठी वकील लागला असेल, मुंबई-पुण्याच्या फेऱ्या झाल्या असतील, ते खर्च खरे असतात. पण ते कुठं गेले हे वहीत दिसलं पाहिजे आणि वही तुम्हाला दिसली पाहिजे. आणि एक विचारा, पगारातनं किंवा फरकातनं कापायला तुमची लेखी संमती घेतली होती का? युनियनची वर्गणी पगारातनं कापायला कामगाराची लेखी परवानगी लागते. बऱ्याच ठिकाणी कराराच्या दिवशी गडबडीत एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतात आणि तोच कागद संमती म्हणून दाखवतात, तो कागद मागून बघा त्यात आकडा लिहिलेला आहे का.

मी स्वतः मिरजेच्या एका कारखान्यात युनियनचा खजिनदार होतो, म्हणून ही गोष्ट दोन्ही बाजूनी बघितलीय. एका मीटिंगमध्ये एक जुना कामगार उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला वही दाखव. मला राग आला, वाटलं माझ्यावर संशय घेतोय. वही उघडली तर बाहेरच्या लीडरच्या प्रवासाची चार व्हाउचरं होती पण एकाचंही तिकीट की बिल जोडलेलं नव्हतं, नुसता आकडा आणि सही. मी एक पैसा खाल्ला नव्हता पण ते सिद्ध करायला माझ्याकडे कागद नव्हता. त्या महिन्यापासून जमाखर्चाचा कागद गेटजवळच्या बोर्डावर लावायला लागलो आणि वर्गणीला कुरकुर करणारी माणसं स्वतःहून पैसे आणून द्यायला लागली. त्या माणसाला मी आजही मानतो.

तर तुम्ही काय करायचं. एकटे जाऊ नका, पाच-सात जणांनी मिळून सेक्रेटरीला साधं पत्र द्या की अमुक तारखेला आम्हाला वह्या, पावतीबुकं आणि ऑडिट केलेला ताळेबंद बघायचाय. पोच घ्या, देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. उत्तर नाही आलं तर युनियनच्या रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटवर ज्या रजिस्ट्रारचा शिक्का आहे त्यांच्याकडे तक्रार करा, सोबत त्या पत्राची झेरॉक्स जोडा. रजिस्ट्रारला (किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याला) युनियनच्या वह्या तपासायचा, त्या मागवून घ्यायचा अधिकार आहे. जुन्या कायद्यात कलम २८ प्रमाणे आणि आता नव्या संहितेप्रमाणेही दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंतचा ऑडिट केलेला जमाखर्च त्यांच्याकडे पाठवावा लागतो, त्यामुळे तुमच्या युनियनने तो पाठवलाय का हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाला १० रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत लिहा, महाराष्ट्रात तसा नियम आहे. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, युनियनचं म्हणणं मागवलं तर थोडा जास्त वेळ जातो.

पैसे परत मिळतील का? इथं मी खोटी आशा लावणार नाही. रजिस्ट्रार पैसे वसूल करून देत नाही. तो जास्तीत जास्त नोटीस देऊन रजिस्ट्रेशन रद्द करू शकतो आणि ते झालं तर तोटा खाणाऱ्याचा कमी आणि तुमचा जास्त, कारण युनियनच कायद्याच्या दृष्टीने उरत नाही आणि पुढच्या कराराला तुमच्या बाजूने बसायला कुणी नसतं. म्हणून रद्द करा अशी मागणी करू नका, हिशोब तपासा अशी मागणी करा. ऑडिटमध्ये खरंच पैसे खाल्लेले निघाले तर मग पोलिसांकडे विश्वासघाताची फिर्याद, १ जुलै २०२४ नंतरचा प्रकार असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली, त्याआधीचा असेल तर जुन्या आयपीसी ४०६ खाली. पण पोलिस पहिला प्रश्न विचारणार कागद कुठाय, म्हणून आधीचा पत्र-पोच-अर्ज हा सगळा खटाटोप.

तुमची युनियन मान्यताप्राप्त असेल (म्हणजे नुसती रजिस्टर्ड नाही, तर कामगारांच्या वतीने मालकाशी बोलणी करायला रीतसर मान्यता मिळालेली) तर आणखी एक, महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यता कायद्यात (लोक त्याला एमआरटीयू म्हणतात) लिहिलंय की कार्यकारिणीची बैठक जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या अंतराने झाली पाहिजे, ठराव मिनिट बुकात लिहिले पाहिजेत आणि सरकारने नेमलेला ऑडिटर वर्षातनं एकदा हिशोब तपासू शकतो. मिनिट बुकसुद्धा मागा. ३००० घ्यायचा ठराव कधी झाला, कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं, तिथं कळेल.

प्रश्न : सांगलीत मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतो. लेव्ही म्हणून जे कापतात ते युनियन घेती का?
— एक हमाल

उत्तर : नाही. लेव्ही म्हणजे हमालांच्या पीएफ, बोनस अशा सोयींसाठी भरायची रक्कम, ती माथाडी मंडळाकडे जाते, ते १९६९ च्या माथाडी कायद्याने झालेलं सरकारी मंडळ आहे, आणि लेव्ही मजुरीच्या वर मालकाने भरायची असते, तुमच्या मजुरीतनं कापायची नसते. कापत असतील तर मंडळाच्या ऑफिसात तक्रार करा, आपल्या नावावर किती जमा झालं ते तिथंच विचारा. युनियनची वर्गणी वेगळी, तिची पावती वेगळी. तसंच कामगारांची पतसंस्थाही वेगळी, तिचा हिशोब सहकार खात्याकडे म्हणजे उपनिबंधकांकडे. आपल्या भागात या तिन्हीच्या पेट्या लोक एकच समजतात आणि तक्रार भलत्याच दारात जाऊन पडते.

प्रश्न : आमच्या युनियनच्या फंडातून निवडणुकीत एका उमेदवाराच्या गाड्यांचं डिझेल भरलं गेलं. हे चालतं का?
— कऱ्हाड

उत्तर : सर्वसाधारण फंडातून नाही. राजकारणासाठी वेगळा फंड काढावा लागतो आणि त्यात पैसे द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, दिले नाहीत म्हणून सभासदाचे बाकीचे हक्कही काढता येत नाहीत. डिझेलचं बिल वहीत कुठल्या नावाखाली टाकलंय ते बघा, बहुतेक "प्रवास" मध्ये असेल.

प्रश्न : अमेरिकेत म्हणे मोटार कामगारांच्या युनियनचे अध्यक्षच जेलमध्ये गेले. आपल्याकडे सरकार असं का करत नाही?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : खरं आहे. युनायटेड ऑटो वर्कर्सचे दोन माजी अध्यक्ष, डेनिस विल्यम्स आणि गॅरी जोन्स, २०२१ मध्ये शिक्षा होऊन गेले, एकाला २१ महिने आणि दुसऱ्याला २८ महिने. सभासदांच्या पैशावर पाम स्प्रिंग्सला बंगले, गोल्फ, सिगार चालले होते. त्याच वर्षी कोर्टाने युनियनवर सहा वर्षांसाठी एक निरीक्षक बसवला आणि मग सभासदांनी मतदान करून ठरवलं की इथून पुढं अध्यक्ष थेट आमच्या मतांनी निवडायचा. मला त्या बातमीत जेलपेक्षा हेच मोठं वाटतं.

तिथं १९५९ पासूनचा कायदा आहे, बहुतेक सगळ्या युनियनना वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत सरकारच्या कामगार खात्याला हिशोब द्यावा लागतो आणि तो कुणीही घरी बसून इंटरनेटवर वाचू शकतो, कुठल्या पदाधिकाऱ्याला किती पगार हेसुद्धा. युनियनचे पैसे खाल्ले तर पाच वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे जुन्या कायद्यात हिशोब न पाठवल्याचा दंड किती होता माहितीये? पाच रुपये. पाठवलाच नाही तर आठवड्याला आणखी पाच आणि सगळा मिळून पन्नासच्या वर जायचा नाही. १९२६ चा आकडा तसाच राहिला. नव्या संहितेत तो १००० ते १०,००० केलाय, ते बरं झालं. पण मला विचाराल तर दंड वाढवण्यापेक्षा तो जमाखर्च रजिस्ट्रारच्या कपाटातनं काढून वेबसाइटवर टाका, एवढं केलं तरी पुष्कळ. सरकारच्या हातात जास्त काठी दिली की ती पैसे खाणाऱ्यावर पडेलच असं नाही, प्रामाणिक पण भांडखोर युनियनवरही पडू शकते, नोटीस बरोबर संपाच्या तोंडावर येऊ शकते. हिशोब सगळ्यांना दिसत असेल तर ती भीती कमी होते.

प्रश्न : आम्ही अंगणवाडी सेविका. युनियनची खजिनदार म्हणून मला निवडलंय. वर्गणीचे पैसे सध्या माझ्या घरी कपाटात डब्यात आहेत. उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून काय काळजी घेऊ?
— एक ताई, आटपाडी तालुका

उत्तर : ताई, डबा उद्याच रिकामा करा. युनियनच्या नावाने बँकेत खातं काढा, तुमच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही नको, पतीच्या किंवा मुलाच्या फोनपेवर तर अजिबात नको. पैसे काढायला दोघींच्या सह्या ठेवा. नंबर छापलेलं पावतीबुक घ्या, पावती दहा रुपयाची असली तरी फाडा, चुकलेली पावती फेकू नका, "रद्द" लिहून बुकातच ठेवा. खर्चाला बिल जोडा, जीपवाल्याने बिल दिलं नाही तर कागदावर त्याची सही घ्या, तारीख आणि कुठून कुठं गेलात ते लिहा. आणि डब्यात आज किती आहेत ते दोन मैत्रिणींना बोलवून त्यांच्यासमोर मोजा, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून तिघींच्या सह्या करा, मग तिथून पुढचा हिशोब सुरू.