ख्लोवेच्या घरची माणसं

*मावशी, सलाम. पाळकांच्या बदलीवरून आमच्या चर्चच्या मंडळीत दोन तट पडलेत. सासरे जुन्या पंचांकडून, नवरा नव्या कमिटीकडून. विश्वस्त बदलल्याच्या नोंदीचं, म्हणजे चेंज रिपोर्टचं भांडण धर्मादाय आयुक्तांकडे गेलंय. नाताळचं प्रीतिभोजन दोन मांडवांत झालं. परवा मुलगी संडे स्कूलमधून रडत आली. मैत्रिणीच्या आईने म्हणे तिच्याशेजारी बसू नको असं सांगितलं. पहिल्या शतकातली मंडळी किती एकजिवाची होती आणि आम्ही हे असे! चर्च सोडू का?*
*— अहिल्यानगर जिल्ह्यातली एक सून*

सलाम, बाळा.

आधी मुलीचं. या आठवड्यात त्या मैत्रिणीच्या घरी जा. एकटी जा, नवऱ्याला-सासऱ्यांना नेऊ नकोस. चहा पी, आणि पोरींना यात ओढू नका एवढंच बोल.

आता ती ‘एकजिवाची मंडळी’. बायबलातल्या ‘प्रेषितांच्या कृत्यांत’ चौथ्या अध्यायात ती आहे, खरंय. पण सहाव्यात लगेच वाढपावरून कुरबूर सुरू होते. ग्रीक बोलणाऱ्यांचं म्हणणं, रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, त्यांना गप्प बसवलं नाही, सात माणसं नेमायला लावली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकनोर... सातही नावं ग्रीक. म्हणजे बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच हाती पळी दिली! आपल्या कुठल्या कमिटीला हे सुचलंय?

ग्रीसमधल्या करिंथची गोष्ट तर तुमचीच. प्रेषित पौलाने तिथे दीड वर्ष राहून मंडळी उभी केली, आणि काही वर्षांतच ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’, ‘मी केफाचा’ सुरू झालं. (अपुल्लोस तिथला दुसरा शिक्षक, केफा म्हणजे पेत्र.) चौथे म्हणायचे, आम्ही ख्रिस्ताचे. (हे सगळ्यांत हुशार. तुमच्यातही असतील, नीट बघ.) प्रभुभोजनाला एक भुकेला राही, तर दुसऱ्याला प्यायलेली चढलेली असे. पौलाचा उपाय अगदी स्वयंपाकघरातला: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

ही भांडणं इफिसमध्ये पौलाच्या कानावर कुणी घातली? ख्लोवे नावाच्या बाईच्या घरच्या माणसांनी. तो करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तिचं नाव उघड लिहितो. आपल्याकडे वरती निनावी पत्रं किती जातात ते मी सांगायला नको. तुला काही मांडायचं असेल तर सभेत उभी राहून, स्वतःच्या नावाने मांड. मला लिहिलंस तसं ‘एक सून’ म्हणून नव्हे.

हिशेब मागणं म्हणजे अविश्वास, असं सासरे म्हणत असतील तर त्यांच्यासमोर करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र, आठवा अध्याय उघडून ठेव. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या दानाबद्दल कुणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला. आणि नवरा कोर्टाची भाषा करत असेल तर पहिल्या पत्राचा सहावा अध्याय त्याच्यासाठी. भावाने भावाला न्यायाधीशापुढे खेचलं म्हणून पौल तिथे संतापलाय. पण त्याची ढाल करून कुणी ऑडिट टाळू नये. ट्रस्टचे हिशेब कायद्याने दाखवावेच लागतात.

एवढी पत्रं जाऊन करिंथ सुधारलं का? इ.स. ९६च्या सुमारास रोमहून तिथल्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याने करिंथच्या त्याच मंडळीला भलंमोठं पत्र धाडलं. कारण? काहींनी मंडळीच्या जुन्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, पदावरून काढलं होतं. पौलाचं पत्र पुन्हा हातात घ्या, असं त्याला सांगावं लागलं. तेव्हा तुमचं भांडण पुढच्या नाताळपर्यंत मिटेल अशी आशा मी तुला दाखवणार नाही.

सोडू का, विचारतेस. सोडणं पाप नाही. मार्क नावाच्या सोबत्याला प्रवासात घ्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा कडाडून भांडले, वेगळ्या वाटांनी गेले. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच मार्काला घेऊन ये, तो उपयोगाचा आहे, असं आहे. तुला जायचंच असेल तर जा, फक्त मागे बोलायला तोंड राहील अशी जा. आत्ता मात्र तू रागात आहेस. ईस्टरपर्यंत थांब.

आणि ईस्टरला एक कर. दोन्हीकडच्या चार-चार बायका गाठ. तांदूळ एका तटाकडून, मटण दुसऱ्याकडून, चूल एकच. नुसत्या भातावर कोण ईस्टर करतंय!

— मावशी