इमर्जन्सी फंड मोडून कस्टम हाय-फ्लो कॅट बनवू का? तुमच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गाडी ९ वर्षं जुनी, टर्बो पेट्रोल. चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि स्कॅनरवर पी ०४२० कोड येतोय, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, एक्झॉस्टमधले विषारी वायू साफ करणारा डबा) नीट काम करत नाही असं गाडीचं म्हणणं. एका फॅब्रिकेटरने (एक्झॉस्टचे पाइप वेल्ड करून बनवणाऱ्याने) सांगितलं की कंपनीचा कॅट कशाला घेता, २०० सेलचा (दर चौरस इंचाला २०० भोकांचा) मेटल कोर, म्हणजे आतली धातूची जाळी, टाकून मस्त हाय-फ्लो (वायू मोकळा सोडणारा) कॅट बनवून देतो, पॉवर वाढेल, ॲव्हरेज वाढेल, विकताना भावही चांगला येईल. कोटेशन तुमच्या दीड महिन्याच्या पगाराएवढं. पैसे एकतर इमर्जन्सी फंडातून काढायचे, जो सध्या ४ महिन्यांच्या खर्चाचा आहे, नाहीतर क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून घ्यायचे, आणि दोन्हीतलं बरं कुठलं असं तुम्ही विचारताय.

माझं उत्तर: आत्ता दोन्ही नको. कारण कॅट गेलाय हेच अजून कुणी तपासून सांगितलेलं नाहीये, नुसता कोड वाचलाय.

ॲव्हरेजपासून सुरू करतो, कारण तुमच्या पत्रात "पैसे वसूल होतील" हे तीनदा आलंय. तुम्ही लिहिलंय की महिन्याचं पेट्रोल पगाराच्या ६ टक्के. समजा हाय-फ्लो कॅटने खरंच २ टक्के पेट्रोल वाचलं, तर ६ चे २ टक्के म्हणजे पगाराचा ०.१२ टक्का महिन्याला. कोटेशन पगाराच्या १५० टक्के. भागून बघा, १२५० महिने येतात, म्हणजे १०४ वर्षं. बरं, फॅब्रिकेटर म्हणतो तसं १० टक्के वाचलं असं धरू, जे मला अजिबात पटत नाही, तरी २५० महिने लागतात, जवळपास २१ वर्षं, आणि गाडी आत्ताच ९ वर्षांची आहे. त्यामुळे वसुली हा शब्द या हिशोबातून काढूनच टाका. ही हौस आहे, आणि हौसेला माझा विरोध नाही, फक्त हौसेचे पैसे हौसेच्या खात्यातून गेले पाहिजेत.

आता फंडाचं. हप्त्यांसकट तुमचा महिन्याचा खर्च पगाराच्या ८० टक्के आहे, म्हणजे ४ महिन्यांचा फंड म्हणजे ३.२ पगार. त्यातून दीड काढला की उरतो १.७, आणि १.७ ला ०.८ ने भागलं की जेमतेम २ महिने निघतात. नोकरी गेली किंवा घरात कुणी ॲडमिट झालं तर २ महिने हातात. "५ महिन्यात परत भरून काढतो" असं तुम्ही लिहिलंय पण महिन्याला शिल्लक पडते २० टक्के, मग १५० भागिले २० म्हणजे साडेसात महिने लागणार, आणि तेसुद्धा मधे एकही जादा खर्च आला नाही तर. कार्डाचं तर बोलायलाच नको, महिन्याला ३ टक्के व्याज धरलं तरी चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. तुमच्या कार्डावर आधीचं थोडं देणं आहेच ना, ते आधी संपवा.

आता मुख्य गोष्ट, कोडची. पी ०४२० कसा येतो हे समजून घेतलं तर तुमचे निम्मे पैसे इथेच वाचतील. कॅटच्या आत जाळीसारखा दगड किंवा धातूची पत्री असते, तिच्यावर ॲल्युमिनाचा थर, त्यात सेरिया (सेरियम धातूचा ऑक्साइड), आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, सगळं मिळून काही ग्रॅमच. सेरिया ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो. कॅटच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो, मागे एक. पुढचा सारखा वर-खाली होत राहतो आणि कॅट चांगला असेल तर मागचा बऱ्यापैकी स्थिर राहतो, कारण मधे ऑक्सिजनचा साठा तो चढउतार खाऊन टाकतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की कॉम्प्युटर कोड टाकतो. म्हणजे कॉम्प्युटर कॅट उघडून बघत नाही, दोन सेन्सरवरून अंदाज बांधतो. आणि तो अंदाज सेन्सर म्हातारा झाला तरी चुकतो, एक्झॉस्टला बारीक लीक असेल तरी चुकतो, कारण एक्झॉस्टच्या दोन झोतांच्या मधे तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते.

त्यामुळे आधी तपासणी, आणि ती कोटेशनच्या मानाने किरकोळ आहे. एक्झॉस्टची स्मोक टेस्ट करून, म्हणजे आत धूर सोडून, लीक बघायची. दोन्ही सेन्सरचा लाइव्ह डेटा इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बघायचा. आणि बॅकप्रेशर (एक्झॉस्ट अडल्यामुळे मागे साचणारा दाब) मोजायचं, पुढचा सेन्सर काढून त्या भोकात गेज लावतात, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) साधारण दीड पीएसआयच्या (दाबाचं एकक) आत आणि २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत असेल तर कॅट तुंबलेला नाही. हा आकडा लिहून घ्या, कारण पॉवर वाढेल असं जे सांगितलंय ते सगळं याच आकड्यावर उभं आहे. गेजवर काही अडतच नसेल तर मोकळं करून मिळणार काय?

आणि कॅट खरंच मेला असेल तर तो का मेला ते शोधा, यावर मी अडून बसेन. कॅट सहसा आपोआप मरत नाही. मिसफायर होत असेल तर न जळलेलं पेट्रोल आत जाऊन तिथे पेटतं आणि तापमान इतकं चढतं की आतला दगड वितळतो. टर्बोचं सील गळत असेल किंवा इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस आणि झिंक कोटिंगवर बसतं. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून कॅट आले तेव्हा बिनशिशाचं पेट्रोल आणावंच लागलं ते याच कारणाने, शिसं ते कोटिंग मारून टाकतं. तुमच्या पत्रात एक ओळ होती, "दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल टॉप-अप करावं लागतं". माझ्यासाठी ती सगळ्या पत्रातली सर्वात महागडी ओळ आहे. ऑइल खाणाऱ्या इंजिनाला दीड पगाराचा नवा कॅट लावला तर तोही त्याच वाटेने जाणार, आणि मग पहिल्यापेक्षा लवकर, का ते पुढे सांगतो. आधी प्लग, कॉइल, टर्बो, पीसीव्ही (इंजिनच्या आत साचणारे वायू परत इंजिनात नेणारा व्हॉल्व) बघून घ्या.

आणि हो, दिवा नुसता लागलेला न राहता लुकलुकायला लागला तर गाडी चालवू नका. तो चालू मिसफायरचा इशारा असतो, तेव्हा कॅट खरोखर भाजत असतो.

आता "कस्टम बनवून देतो" म्हणजे नक्की काय ते. गॅरेजमध्ये कोटिंग कुणी बनवत नाही. फॅब्रिकेटर तयार कोर विकत आणतो, त्याला दोन्ही बाजूंनी कोन (शंकूसारखी निमुळती तोंडं), पाइप, फ्लँज (जोडायच्या चकत्या) आणि सेन्सरचे बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करतो. म्हणजे पैसे तुम्ही वेल्डिंगच्या कौशल्याचे देता आणि कॅटचा जीव असतो दुसऱ्याने बनवलेल्या कोरमध्ये. फॅक्टरीचा कॅट पुष्कळदा दर चौरस इंचाला ४०० सेल किंवा त्याहून जास्तीचा असतो. २०० केले की हवा मोकळी जाते हे खरं, पण वायूला स्पर्श करायला पृष्ठभागही कमी मिळतो, आणि स्वस्त कोरवर कोटिंग पातळ, सेरिया कमी. मग काय होतं, सुरुवातीला सगळं छान, कोड गेला, गिऱ्हाईक खूश, आणि थोड्याच काळात तोच पी ०४२० परत. तिथे मग फॅब्रिकेटर म्हणतो मागच्या सेन्सरखाली स्पेसर (त्याला वायूपासून लांब ठेवणारा तुकडा) टाकतो किंवा ट्यूनमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये) कोडच बंद करून टाकतो. तुम्हाला असं काही सुचवलं असेल तर तिथून सरळ निघा. बहुतेक देशांत ही उघड छेडछाड धरली जाते, उत्सर्जन चाचणीत गाडी अडकू शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे गाडीतला एकमेव पहारेकरी तुम्ही पैसे देऊन झोपवलात, उद्या खरंच काही बिघडलं तर कळणार कसं. त्यातून बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड आपण सगळेच श्वासात घेतो, हे मला हिशोबाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

कामाचा दर्जा बघायचा असेल तर त्याने आधी बनवलेला एखादा पीस हातात घेऊन बघा. कोन एकदम आखूड आणि तिरका असेल तर वायू कोरच्या मधल्या भागातूनच जातो, कडेचा कोर नुसता शोभेला. टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आत आर्गॉन सोडलेला नसेल तर आतून वेल्ड काळा, खरबरीत, साखरेसारखा दाणेदार दिसतो, तिथूनच पुढे चीर जाते. फ्लेक्स जॉइंट (लवचिक जोड) आहे का बघा, नाहीतर इंजिनाच्या हलण्याचा सगळा ताण वेल्डवर. आणि कॅट मूळ जागेपासून किती मागे सरकवतोय ते विचारा, कारण साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोचल्याशिवाय तो नीट काम सुरू करत नाही, टर्बोपासून लांब नेला तर थंड इंजिनावर बराच वेळ नुसता डबा म्हणून लटकणार.

कोटेशनमध्ये काय नाहीये तेही सांगतो, कारण तुम्ही पाठवलेल्या कागदावर फक्त "हाय-फ्लो कॅट फिटिंगसहित" एवढीच ओळ आहे. नवा मागचा सेन्सर नाही, गॅस्केट नाहीत, हीट शील्ड नाही, ट्यून नाही, नंतरची उत्सर्जन चाचणी नाही, चाचणी फेल झाली तर परत काढून जुना बसवायचा खर्च कुणाचा तेही नाही. ट्यूनशिवाय पॉवरमध्ये जाणवण्यासारखा फरक पडणं कठीण आहे, म्हणजे तो खर्च आज ना उद्या येणारच. विमा कंपनीला बदल कळवला नाही तर क्लेमच्या वेळी कटकट, कळवला तर प्रीमियम वाढू शकतो. आणि विकताना भाव जास्त येईल हे तर विसराच, साधं गिऱ्हाईक बदललेलं एक्झॉस्ट बघून भाव पाडूनच मागतं.

अजून एक पैशाची गोष्ट जी कुणी बोलत नाही: जुना कॅट कुणाचा? त्यात ते मौल्यवान धातू आहेत, मेलेल्या कॅटमध्येही असतात, आणि भंगारात त्याला डब्यावरच्या नंबरवरून भाव ठरतो. धातूंचे भाव खूप हलतात, ऱ्होडियम २०२१ मध्ये शिखरावर गेला आणि नंतर जोरात आपटला, त्यामुळे किती येतील हे मी सांगणार नाही, पण शून्य नक्की येत नाहीत. "जुना माल आमच्याकडे राहतो" असं फॅब्रिकेटर सहज बोलून जातो आणि आपण मान डोलावतो. जुना कॅट तुमच्या हातात परत आला पाहिजे हे आधीच ठरवा. आणि तो चालू निघाला तर मग विकूच नका, जपून ठेवा.

मग हाय-फ्लो कॅटला अर्थ कधी आहे? टर्बो गाडीत डाउनपाइप (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) आणि कॅट मिळून खरोखर अडथळा असतो, तुम्ही मोठा टर्बो किंवा जास्त बूस्टचं (टर्बोच्या हवेच्या दाबाचं) ट्यून आधीच केलेलं असेल, बॅकप्रेशरचा आकडा तेच सांगत असेल, आणि इंजिन ठणठणीत असेल, तर चांगल्या कोटिंगचा कोर घेऊन नीट बनवलेला पीस फरक दाखवतो. तुमची गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच आहे. आज त्या पैशातला मोठा भाग तुम्ही न वापरल्या जाणाऱ्या क्षमतेवर घालवाल.

तपासणीत कॅट खरंच गेलेला निघाला, आणि कारणही दुरुस्त झालं, तर तुमच्या मॉडेलसाठी प्रमाणित असलेला तयार आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीचा नसलेला) कॅट लेखी वॉरंटीसकट घ्या, आणि त्यासाठी लागले तर इमर्जन्सी फंडातून पैसे काढा, मी अडवणार नाही. रोज कामाला जायची गाडी चाचणीत फेल होणं ही खरी अडचण आहे, फंड त्याचसाठी असतो. नुसता सेन्सर किंवा लीक निघाली तर महिन्याच्या शिलकीतूनच भागेल.

कस्टमची हौस त्यानंतरही राहिली तर असं करा. आधी कार्डाचं देणं, मग फंड ४ वरून ६ महिन्यांवर न्या, ते १.६ पगार होतात, २० टक्क्यांनी ८ महिने. त्यानंतर पगाराच्या १० टक्के वेगळ्या खात्यात टाका, १५ महिन्यांत पूर्ण कोटेशन जमा. तोपर्यंत गाडी ११ वर्षांच्या आसपास असेल, तेव्हा तुम्हालाच ठरवता येईल की या गाडीवर खर्च करायचा की हेच पैसे पुढच्या गाडीत घालायचे.

या आठवड्यात फक्त स्मोक टेस्ट आणि बॅकप्रेशर करून घ्या, आणि फॅब्रिकेटरकडून कोरचा ब्रँड, सेल, वॉरंटी, सेन्सर, ट्यून, फेल झाल्यास जबाबदारी आणि जुन्या कॅटची मालकी हे सगळं वेगवेगळ्या ओळीत लिहून मागा. गेजचे दोन आकडे आणि गेल्या सर्व्हिसिंगपासून किती ऑइल टाकलं ते मला पाठवा, मग फंडाला हात लावायचा का आणि किती ते ठरवू.